दुधाच्या पेल्याखालचा शब्द

मी एक जुना पत्र्याचा ट्रे आहे. दीड हात लांब, हातभर रुंद, कडा वर वळवलेल्या आणि धरायला दोन बाजूंना खाचा. माझा उजवा कोपरा चेपलेला आहे. तो कसा चेपला ते पुढे सांगेन. मित्रांनो, मी आयुष्यभर चहा, दूध आणि पोहे वाहिले. पण माझ्या अंगावर एक आख्खं राज्य छापलेलं आहे आणि त्या राज्यातला एक शब्द चार महिने माझ्यापाशी अडकून पडला होता. ज्या घराला तो हवा होता त्या घरातच मी होतो, खिडकीपासून दहा पावलांवर. तरी मला तो देता आला नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात झाला. कारखान्यात पत्र्याची मोठी गुंडाळी उलगडत येई. तिचे तुकडे होत, तुकड्यांवर एकेक रंग चढे आणि दर रंगानंतर आम्हाला भट्टीतून काढत. काळा रंग सगळ्यांत शेवटी, कारण अक्षरं काळी. मग यंत्राचा एकच दाब बसे आणि सपाट पत्र्याला कडा फुटत. तयार झाल्यावर माझ्या अंगावर काय काय आहे हे मला माझं मलाच वाचून काढावं लागलं.

मिनेसोटा हे अमेरिकेचं बत्तिसावं राज्य, ११ मे १८५८ रोजी सामील झालेलं. राजधानी सेंट पॉल. ब्रीदवाक्य फ्रेंच भाषेत आहे, त्याचा अर्थ 'उत्तरेचा तारा'. टोपणनाव 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश'. खरी तळी त्याहून जास्त आहेत, पण छापणाऱ्यांनी हिशेब सोपा ठेवला. वरच्या कोपऱ्यात राज्याचा झेंडा, त्यावर नांगर धरलेला शेतकरी आणि घोड्यावरचा आदिवासी स्वार. कडेनं राज्याची मानचिन्हं: फूल, झाड, मासा, दगड, धान्य आणि पेय. आणि मध्यभागी, सगळ्यांत मोठा, राज्याचा पक्षी. काळं डोकं, लाल डोळा, सुरीसारखी चोच आणि पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन. त्याच्या पायाशी काळ्या अक्षरांत नाव होतं, 'कॉमन लून'.

मित्रांनो, हा शब्द लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं मोरेश्वर नावाच्या तिशीतल्या एका माणसानं. ते रसायनीच्या एका रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. कारखान्यानं त्यांना दीड वर्षासाठी मिनेसोटाला धाडलं होतं. घरी बायको आणि लहान मुलगी, शुभदा. ते एका तळ्याकाठी खोली घेऊन राहत. पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी, तळ्यावरून बाईच्या रडण्याचा आवाज आला म्हणून ते सपाता घालूनच पाण्याकडे धावले. शेजारचा माणूस हसून म्हणाला, "अरे, तो लून आहे." पानगळीत त्या पक्ष्याचे चौकोन गेले, तो करड्या रंगाचा झाला आणि एक दिवस दिसेनासा झाला. शेजारी म्हणाला, तो हिवाळ्यात समुद्रावर जातो. "कुठल्या?" यांनी विचारलं. "मिळेल त्या," तो म्हणाला. निघायच्या दिवशी यांनी मला घेतलं. ही हकीकत ते पुढे माझ्यावरचा चहा पिता पिता पाहुण्यांना सांगत, म्हणून मला ठाऊक.

शुभदा त्यांना बाबा म्हणे. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो.

रसायनीची वर्षं माझी सुखाची. बाबांचा एक नियम होता, घरात मराठी. मुलीला शिकवायचं म्हणून त्यांनी माझ्यावरची सगळी नावं मराठीत करून घेतली. फुलाचं इंग्रजी नाव 'बाईची सपात' अशा अर्थाचं होतं, त्याची झाली 'बाईची चप्पल'. मोठ्या डोळ्यांचा मासा झाला 'काचडोळ्या'. झाडाचा 'परदेशी सुरू'. दगड अकीक, धान्य रानतांदूळ. आणि पाण्यात सूर मारून बराच वेळ वर न येणारा तो पक्षी झाला 'पाणबुडी'.

रोज सकाळी दुधाच्या वेळी परीक्षा होई.

"राजधानी?"

"सेंट पॉल."

"पक्षी?"

"पाणबुडी."

"फूल?"

"बाईची चप्पल." इथे ती दर वेळी हसे आणि पुढचा मासा चुके.

"पेय?"

यावर मात्र ती पेला दूर सरकवी. कारण माझ्यावर मिनेसोटाचं पेय म्हणून दूध छापलेलं आहे (तसा कायदा खरं तर पुढे झाला, छापणाऱ्यांनी घाई केली), आणि शुभदाला दूध मुळीच आवडत नसे.

"मला नको."

"मला नको सांगूस. सरकारचा हुकूम आहे."

"आपण रसायनीत राहतो, बाबा."

"ट्रे मिनेसोटाचा आहे. ट्रेवर ठेवलेल्या वस्तूला तिथला कायदा लागू."

ती पेला उचले, एक घोट घेई आणि परत ठेवी. नेमका पक्ष्याच्या पायाशी, त्याच्या नावावर. पेल्याचं बूड गरम असे. पुन्हा उचलणं, पुन्हा ठेवणं. बाबा समोर बसून राहत आणि शेवटी पेला पालथा करून दाखवायला लावत. अशी तीन-चार वर्षं गेली. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येऊ लागली तोवर 'लून' पुसून गेला होता. तिथे पत्र्याचा गोल चट्टा राहिला.

"कॉमन काय, बाबा?"

"पाणबुडी," बाबा म्हणाले. नियम तो नियम.

एकदा तिनं विचारलं, "आपल्या महाराष्ट्राचा पक्षी कोणता?" बाबांना सांगता आलं नाही. आईला म्हणाले, "दुसऱ्याचं घर पाठ आणि आपल्या घराचा पत्ता माहीत नाही, असं झालंय माझं." दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन आले आणि कारखान्यातल्या हिरव्या रंगानं माझ्या पाठीवर चार ओळी काढल्या. पक्षी हरियाल. प्राणी शेकरू. फूल ताम्हण. झाड आंबा. तो रंग अजून टिकून आहे. बाबांनी स्वतः बनवलेला होता.

मग शुभदा मोठी झाली, आयर्लंडला कॉर्कमध्ये शिकायला गेली आणि तिथंच राहिली. रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात ती तपासणीचं काम करते. नवरा जयेश सोमवार ते शुक्रवार डब्लिनजवळ स्वोर्ड्सला असतो. मुलगी गुंजन, नऊ वर्षांची. आई गेल्यावर बाबा एकटे पडले, तेव्हा शुभदानं त्यांना बोलावून घेतलं. सामान भरताना फोनवर ती म्हणाली, "बाबा, इथे ट्रे मिळतात."

"मिळत असतील. त्यांना राजधानी सांगता येते का?"

मी पंच्यात गुंडाळलेला आलो.

घर बंदराच्या काठावर आहे. समोरच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे पाणी. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. गुंजनला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते, तेही कॉर्कच्या हेलात. तिनं मला पहिल्याच आठवड्यात नापास केलं.

"आजोबा, युअर फ्लॅग इज गॉन."

"गॉन म्हणजे? चोरीला?"

"दे चेंज्ड इट." तिनं फोनवर दाखवलं. निळ्यावर निळा, पांढरी चांदणी. शेतकरी नाही, घोडेस्वार नाही.

"मला कळवायचं तरी," बाबा म्हणाले. "बरं, पक्षी तोच आहे ना?"

तिनं पाहिलं. "बर्ड इज द सेम. यू आर ग्रँड, आजोबा."

इथे ग्रँड म्हणजे छान, ठीक. तेव्हापासून कोणी तब्येत विचारली की बाबाही म्हणत, ग्रँड.

ऑक्टोबरात एका दुपारी ते मला घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होते. माझ्यावर दोन कप होते. आधी मला त्यांच्या उजव्या हाताची पकड जाणवेनाशी झाली. मग मी कलंडलो, कप फुटले आणि मी कोपऱ्यावर आपटलो. ते माझ्या शेजारीच पडले. शुभदा धावत आली आणि "बाबा, काय होतंय? बाबा, बोला," असं म्हणत राहिली. ते बोलू पाहत होते. तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हता.

नातेवाइकांना फोनवर सांगताना ती 'पक्षाघात' म्हणाली. पत्र्याची अक्कल ती किती. मला वाटलं, यात पक्ष्याचा काहीतरी संबंध असणार.

ते महिनाभरानं घरी आले. उजवं अंग लुळं. गिळणं बिघडलेलं, म्हणून पाण्यातही पावडर घालून ते दाट करायचं आणि चमच्यानं द्यायचं. बोलणं गेलेलं. समजत सगळं होतं, पण शब्द सापडत नव्हते. समोरच्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची मांडली, शेजारी पलंग.

शुभदानं पहिल्या रविवारी मला बाहेर काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, राजधानी?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"सेंट. सेंट काय? तुम्हीच शिकवलंत ना. बरं, पक्षी? बाबा, पक्षी कोणता? हा काय, मधला. पाण... पाण..."

त्यांचे ओठ हलले. मग ते रडले. रडतानाही आवाज एकाच बाजूनं येत होता. शुभदानं मला उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा विचारलं. तिला थांबता येईना. गुंजन दारातून आईला म्हणाली, "मॅम, स्टॉप." तेव्हा ती थांबली.

बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी समजावून सांगितलं, यांची परीक्षा घेऊ नका, नापास झाल्यासारखं वाटतं त्यांना. ते स्वतःहून काही म्हणू लागतील, त्याची वाट बघा. आणि एक सांगितलं. असा माणूस बहुतेक वेळा एका शब्दानं सुरुवात करतो. तो शब्द कोणाला कळला, तर मागचे येतात. कोणालाच कळला नाही, तर तो प्रयत्न सोडून देतो.

शुभदानं हे वहीत लिहून घेतलं. मग मला प्रेसमध्ये, केकच्या भांड्यांच्या मागे उभं करून ठेवलं. वडिलांना पुन्हा रडवायचं नव्हतं म्हणून तिनं मला नजरेआड केलं. यात तिची चूक नव्हती. हे मी तेव्हाही म्हटलं असतं. पुढचं काही मी आतून ऐकलं, काही नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी प्रेसच्या फटीतून मला बाबांचा आवाज आला.

"लू..."

पुन्हा, जोर लावून. "लू. लूऽन."

जीभ जड होती, शेवट नाकात विरत होता. पण माझ्या अंगावरून पुसलेला शब्द मला ओळखू येणार नाही तर कोणाला? बाबांनी मुलीसाठी शोधलेली सगळी मराठी नावं बुडाली होती. तरुणपणी तळ्याकाठी ऐकलेला मूळ शब्द तेवढा वर आला होता. मला वाटलं, ते मला बोलावताहेत. मी किती सुखावलो ते सांगत नाही, कारण तेही चूकच होतं.

त्या वेळी त्यांच्याजवळ मॉरीन होती. रोज सकाळी येऊन त्यांना धुवायची-भरवायची, याच गावातली साठीची बाई. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत सांगतो. तिच्या भाषेत 'लू' म्हणजे संडास. ती म्हणाली, "जायचंय का तुला? शाब्बास, सांगितलंस ते बरं केलंस." आणि तिनं त्यांना उठवून तिकडे नेलं. ते डावा हात झाडत होते. मॉरीनला वाटलं, लाजतोय.

संध्याकाळी शुभदा आली. "लू... लूऽन," बाबा म्हणाले.

"लोण? लोणचं, बाबा? लोणचं हवंय?" तिचा आवाज आनंदानं फाटला. जेवणात लोणचं नसलं तर बाबा ते जेवण धरत नसत. तिनं उपचारवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शब्द आला हे फार चांगलं, पण लोणचं अजिबात नको. खारट, तिखट, पातळ, काहीच श्वासनलिकेत जाता कामा नये. मग शुभदा वडिलांसमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "बरे झालात की देईन बाबा. वाडगाभर देईन." बाबांनी मान हलवली. नाही, नाही. ती म्हणाली, "हो बाबा, शप्पथ."

बाबा गुंजनशी बोलले तेव्हा ती गाल फुगवून स्वयंपाकघरात आली. "मॅम, ही कॉल्ड मी अ लून."

"काय?"

"अ लून. लाइक, मॅड. ही सेड इट ट्वाइस."

"आजोबा आजारी आहेत गं. लोणचं म्हणतायत ते."

बघा मित्रांनो, नऊ वर्षांच्या मुलीनं शब्द बरोबर ऐकला होता. तिच्या शाळेत त्याचा अर्थ वेडा असा होता, एवढंच. एका शब्दाला तीन माणसं तीन दारांवर उभी होती आणि चौथं दार प्रेसचं, ते बंद होतं. मी पत्रा आहे. ठोकलं तर वाजतो. पण मला आधी कोणीतरी ठोकायला हवं.

असे दोन महिने गेले. सकाळी 'लू', की मॉरीन त्यांना संडासात नेई. संध्याकाळी 'लूऽन', की शुभदा आशेनं विचारी, कैरीचं की लिंबाचं? ते खिडकीची काच डाव्या मुठीनं ठोकू लागले. मॉरीननं तिच्या नोंदीत लिहिलं, अस्वस्थ. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर फोनवर पोटात अन्न घालायच्या नळीबद्दल बोलले. शुभदा फोन ठेवून प्रेसला पाठ टेकून जमिनीवर बसली. तिच्या आणि माझ्यामध्ये एक लाकडी फळी होती.

फेब्रुवारीत एका शनिवारी बाबांनी सकाळपासून तोंड उघडलं नाही. फक्त एकदा, अगदी हळू, "लूऽन." शुभदानं फ्रिज उघडला. जयेश म्हणाला, "नको. बाईंनी सांगितलंय."

"दोन महिने एकच गोष्ट मागतायत ते, जयेश. एकच. फोड नाही देत. नुसता खार, चमच्याच्या टोकाला."

"शुभदा."

"त्यांना एकदा तरी कळू दे की मला कळलं."

खार जिभेवर लागला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग खोकला सुरू झाला. तो थांबेना. रुग्णवाहिका आली. छातीत संसर्ग झाला आणि ते दोन आठवडे रुग्णालयात होते. त्या थेंबानंच झालं असं कोणी म्हणालं नाही. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की असं एरवीही होऊ शकतं, लाळेनंसुद्धा. शुभदानं मान डोलावली. घरी येऊन बरणी कचऱ्यात टाकली, मग बाहेर जाऊन कचऱ्यातून काढली, फोडली आणि पुन्हा टाकली.

ते परत आले ते गप्पच. 'लू' नाही, मूठ नाही. चमचा ओठांशी आला की मान वळवीत. उपचारवाल्या बाई येऊन बसल्या, गेल्या. मी प्रेसमध्ये ती शांतता ऐकत होतो. मार्चभर. मला वाटे, आता कोणी मला बाहेर काढलं तरी काय? शब्द माझ्याकडे आहे आणि मागणारा मागून थकला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाबांना मान सावरणंही जड जाऊ लागलं. म्हणून त्या सकाळी मॉरीन त्यांच्या समोर न बसता शेजारी बसली, खांद्याचा आधार देऊन. शुभदा बाबांच्या घोट्याला मलम चोळत होती. चमचा हातात धरून मॉरीननं खिडकीबाहेर पाहिलं आणि सहज म्हणाली, "आला बघ तुझा गडी. आणि आज काय नटलाय."

"कोण?" शुभदानं मान वर न करता विचारलं.

"तो काय, तिथं. डायव्हर. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर. नोव्हेंबरात येतो, सबंध हिवाळा पाण्याच्या याच तुकड्यावर असतो. करडा असतो, म्हणून कोणी बघत नाही. माझा बाप जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलट बोटीवर होता, तो म्हणायचा, याला चौकोन फुटले की समजायचं निघाला. तुझ्या बाबांना रोज दिसत असणार, त्यांचं तोंडच तिकडे."

मलम खाली पडलं.

मित्रांनो, या घरात बाबांकडे येणारा प्रत्येक जण त्यांच्या समोर बसे. त्यांचा चेहरा दिसावा, ओठ दिसावेत म्हणून. म्हणजे प्रत्येकाची पाठ पाण्याकडे होई. शुभदाची, गुंजनची, जयेशची, बाईंची. चार महिने.

शुभदा उठली. वळली. मग म्हणाली, "डायव्हर." आणि मग मराठीत, अगदी लहान मुलीच्या आवाजात, "पाणबुडी."

प्रेसचं दार इतक्या जोरात उघडलं की भांडी खाली आली. मला उजेड सोसला नाही. तिनं मला खिडकीच्या काचेशी धरलं, आणि तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. पाण्यावर, भरतीत, काळं डोकं आणि पाठीवर पांढरे चौकोन. माझाच पक्षी. इथं त्याचं नाव वेगळं होतं. तेच नाव बाबांनी रसायनीत, काही माहीत नसताना, मराठीत ठेवलं होतं.

तिनं प्रश्न विचारला नाही. ती बाबांच्या शेजारी बसली, मॉरीनच्या दुसऱ्या बाजूला, आणि तिनं पाण्याकडे बोट केलं.

"बाबा, पाणबुडी. ती बघा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून माझ्या मधोमध, त्या उघड्या चट्ट्यावर ठेवला.

"लून."

पुसलेला शब्द तिथंच होता. तिनं चट्ट्याकडे पाहिलं. 'कॉमन' आणि पुढे काही नाही, पेल्याच्या बुडाएवढा गोल. आपला पेला कुठे असायचा हे तिला आठवलं असावं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला.

"लून," ती म्हणाली. "हो बाबा. लून."

मॉरीन म्हणाली, "देवा. आणि मी याला संडासात नेत होते." आणि ती रडली. बाबा तिच्याकडे बघून हसले. अर्ध्या चेहऱ्यानं, पण हसले.

शाळेतून आल्यावर गुंजनला सांगितलं. ती आजोबांच्या खुर्चीच्या हातावर बसून म्हणाली, "सो ही वॉज नॉट कॉलिंग मी वन."

"नाही गं."

तिनं शोधून सांगितलं की इथं येणारे हे पक्षी बहुतेक आइसलँड, ग्रीनलंडकडचे. मिनेसोटाचे दुसऱ्या समुद्रावर जातात. म्हणजे हा तो नव्हता. बाबांनी ऐकून घेतलं आणि डाव्या हातानं 'असू दे' केलं.

त्यानंतर बाबा अठरा दिवस होते. फार शब्द आले नाहीत. बाई म्हणाल्या होत्या मागचे येतात, पण ते डिसेंबरात धरलं असतं तर. एक मात्र आला. एका सकाळी शुभदानं त्यांच्यासाठी दाट केलेलं दूध माझ्यावर ठेवून आणलं. बाबांनी पेल्याकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "दूध." तिनं चमचा भरला. त्यांनी तोंड मिटलं. पेला डाव्या हातानं, सांडत सांडत, तिच्याकडे सरकवला.

"मला? बाबा, मला नको."

बाबा बघत राहिले. सरकारचा हुकूम होता.

बेचाळीस वर्षांच्या शुभदानं ते कोमट, पावडर घातलेलं, चिकट दूध संपवलं. एकेक घोट घेऊन पेला ठेवायची, पुन्हा उचलायची. बाबा संपेपर्यंत हलले नाहीत. मग तिनं पेला पालथा करून दाखवला.

बाबा एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी गेले. पक्षी त्यानंतर नऊ दिवस राहिला. शुभदाला ते सहन होत नव्हतं. ती रोज म्हणे, जा ना आता. मग एक दिवस तो नव्हता, आणि तेही तिला सहन झालं नाही.

आता मी खिडकीत उभा असतो. गुंजननं एकदा, कोणाला न विचारता, काळ्या मार्करनं माझ्या चट्ट्यावर तो शब्द परत लिहिला. देवनागरीत. तिनं आपणहून मराठीत लिहिलेला हा पहिला शब्द. 'लुन' असा, पहिला उकार देऊन. शुभदानं पाहिलं. घरात मराठी, आणि तेही शुद्ध, हा नियम तिलाही आहे. तिनं तो दुरुस्त केला नाही.

मित्रांनो, मला पुसून कोरडं ठेवलंत की माझं भागतं. माणसाचं तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या घरात कोणी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर त्याच्या समोर बसून तोंडाकडे बघत राहू नका. शेजारी बसा, आणि तो बघतो आहे तिकडे बघा. चार महिने थांबू नका.

बाबांची खुर्ची अजून हलवलेली नाही. शुभदा कामावरून आली की अंगावरचा कोटही न काढता तीत बसते आणि पाण्याकडे बघते. पाण्यावर सध्या काही नाही. नोव्हेंबरला अजून अवकाश आहे.